डबी, कागद आणि वाळण्याचा वेळ: उघड्यावरच्या जलरंगाची पार्श्वभूमी

ब्रिटिश चित्रकार टर्नर प्रवासाला निघाला की जवळ वही आणि पेन्सिल असायची. रंग भरायचे ते बहुधा मुक्कामी परतल्यावर. १८१९ साली इटलीत त्याने सांगितलेलं कारण नोंदलं गेलं आहे: बाहेर बसून एक चित्र रंगवेपर्यंत पेन्सिलीची पंधरा-सोळा रेखाटनं होतात. जलरंगावर अशी हुकमत असलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, म्हणून ते मनावर घ्यायला हवं. हात संथ होता म्हणून तो बाहेर रंगवत नव्हता असं नाही; बाहेर रंगवायला बसलं की पाणी वाळेपर्यंत थांबावंच लागतं. आज प्रत्यक्ष स्थळी रंगवण्याच्या स्पर्धेला दोन-तीन तास मिळतात, तेव्हाही खरी झुंज याच थांबण्याशी असते. मधल्या दोनशे वर्षांत सुधारलं ते सामान.

टर्नरच्या कितीतरी आधी माणसं रंग घेऊन बाहेर पडली होती. जर्मन चित्रकार ड्यूररने १४९४-९५ च्या आल्प्सपारच्या प्रवासातली दृश्यं जलरंगात केली. अठराव्या शतकात या कामाला बळ मिळालं ते मोजणी आणि नकाशांमुळे. पॉल सँडबी १७४७ पासून स्कॉटलंडच्या लष्करी मोजणीत आरेखक होता. आधी शाईची रेघ, मग त्यावर पातळ रंगाचा हात, म्हणजे वॉश, ही नकाशाची रीत. आज ‘रेघ आणि वॉश’ म्हणतात ती पद्धत याच कुळातली.

त्या काळी रंग तयार करणं हेच मोठं काम होतं. रंगद्रव्य डिंकाच्या पाण्यात घोटायचं आणि शिंपल्यात भरून ठेवायचं. १७८० च्या सुमारास लंडनच्या विल्यम रीव्ह्जने रंगाच्या साच्यातल्या वड्या काढल्या. १७८१ मध्ये तिथल्या ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ने त्याबद्दल रीव्ह्ज बंधूंना रौप्य पॅलेट दिलं. वडी खिशात मावायची, पण टणक असायची. पाण्यात घासून रंग काढावा लागे. १८३५ मध्ये विन्सर अँड न्यूटन या रंगाच्या कंपनीने ग्लिसरीन घातलेले ओलसर रंग पॅनमध्ये, म्हणजे डबीत बसणाऱ्या छोट्या वाट्यांमध्ये, आणले. जॉन गॉफ रँडने १८४१ मध्ये तैलरंगासाठी पेटंट घेतलेली धातूची दाबायची ट्यूब त्याच दशकात जलरंगालाही मिळाली.

रंग ओलसर असण्याला बाहेर किती महत्त्व आहे ते शेवटच्या वीस मिनिटांत कळतं. तेव्हा गडद सावली एका फटक्यात बसायला हवी. पॅन सुकून दगड झाला असेल तर ब्रशला पातळच रंग लागतो. मग त्याच जागी दोन-तीनदा हात फिरतो, खालचा थर उचलला जातो आणि सावली मातकट होते. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रिकामे पॅन ट्यूबमधल्या रंगाने भरावेत. काडीने रंग कोपऱ्यांत सारायचा, झाकण रात्रभर उघडं ठेवायचं. ऐन सकाळी भरलेली डबी पिशवीत उभी ठेवली, तर निळा ओघळून पिवळ्यात जातो आणि दिवसभर स्वच्छ पिवळा मिळत नाही.

कागदाची गोष्ट रंगाइतकीच मोलाची आहे, पण ती कमी सांगितली जाते. जुन्या कागदावर साच्याच्या तारांच्या रेघा उमटत आणि वॉशमधला रंग त्या खाचांत बसे. १७५० च्या दशकात इंग्लंडमधल्या जेम्स व्हॉटमन या कागद बनवणाऱ्याने विणलेल्या जाळीवर बिनरेघांचा कागद काढला. त्याच्या कागदाला सरसाची पक्की खळ असे. खळीमुळे पाणी लगेच आत मुरत नाही, रंग काही काळ वर तरंगतो, हलवता येतो, पुसून काढता येतो. दमट कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या कागदाची खळ मरते. वरून तो छान दिसतो. पहिल्या आकाशाच्या वॉशलाच टीपकागदासारखा रंग पितो आणि ठिपके पडतात. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री त्याच गठ्ठ्यातल्या एका तुकड्यावर वॉश देऊन पाहावा.

३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) पाव ताव, म्हणजे ११ × १५ इंच, चारही बाजूंनी टेप लावला की बऱ्यापैकी सपाट राहतो. अर्धा ताव मात्र ओला झाल्यावर फुगतो. खळग्यात पाणी साचतं, ते अर्धवट वाळलेल्या भागात शिरतं आणि फुलकोबीच्या कडांसारखे डाग उमटतात.

वेळेचा दंडक फ्रेंच चित्रकार पिएर-आंरी द व्हॅलॉंसिएन याने १८०० मधल्या ग्रंथात घालून दिला: निसर्गातला अभ्यास जास्तीत जास्त दोन तास, सूर्योदय-सूर्यास्ताचा अर्धा तास. हे त्याने तैलरंगासाठी लिहिलं, पण जलरंगवाल्यांनी ते भिंतीवर लावावं इतकं खरं आहे. दोन तासांत सावल्या सरकतात. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत हातभर नव्हे, हाताच्या पंजापेक्षाही लहान चौकटीत छायाप्रकाश पेन्सिलीने पक्का करावा आणि पुढे समोरच्या सावलीपेक्षा त्या चौकटीवर विश्वास ठेवावा.

दमट हवेत पहिला वॉश वीस मिनिटांतही वाळत नाही. तेव्हा पाणी कमी घ्यावं, नाहीतर दोन कागद आलटून-पालटून चालवावेत. कोरड्या वाऱ्यात उलट होतं, कडा ब्रश पोचण्याआधीच सुकतात. त्यावर उपाय कागद मागूनही ओला करण्याचा. कागदावर थेट ऊन पडू देऊ नये. उन्हात सगळं फिकं वाटतं, हात रंग चढवत जातो आणि तेच चित्र घरात काळपट दिसतं. छत्री पांढरी किंवा करडी असावी. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो.

रंग टिकतात का, हा प्रश्न १८८८ मध्ये रसेल आणि ॲबनी या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या अहवालाने ऐरणीवर आणला. कार्माइन या लाल रंगासारखे काही रंग उजेडात उडतात हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. विकायला ठेवायच्या चित्रात असे रंग नकोत.

एकत्र जमून स्थळावर रंगवण्याच्या आजच्या चळवळीला अमेरिकेत १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्लेन एअर पेंटर्स ऑफ अमेरिका’ या संघटनेने आणि २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या स्थळावर रेखाटणाऱ्यांच्या गटाने मोठा हातभार लावला. स्पर्धांमध्ये कोरा कागद सकाळी नोंदणीच्या टेबलावर न्यायचा आणि मागे शिक्का मारून घ्यायचा, हा नेहमीचा नियम. घरून चित्र करून आणता येऊ नये म्हणून तो आहे. जलरंगवाल्याला त्याचा एक वेगळा अर्थ आहे: कागद आदल्या रात्री बोर्डावर टेपने चिकटवला, तर शिक्क्यासाठी तो सोडवावा लागतो आणि कडा फाटतात. सुटा न्यावा, शिक्का कोपऱ्याकडे मारायची विनंती करावी, मग टेप लावावा. मागून पाणी मारायचं असेल तर शिक्क्याची जागा सोडावी, कारण शाई विरघळणारी असली तर निळसर डाग पुढे येतो. आणि कागद घरूनच तयार माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) खिडकीपेक्षा चारही बाजूंनी अर्धा इंच मोठा कापून न्यावा; जलरंगाला माउंट आणि काच लागते, आणि तिथे ऐनवेळी माउंट कापायला कुणाकडे वेळ नसतो.