योनीचा आंबटपणा कोण राखते?

गडद रंगाच्या सुती अंतर्वस्त्रावर मधोमध हळूहळू उमटणारा फिकट डाग पुष्कळ स्त्रियांच्या ओळखीचा असतो, आणि कितीही घासला तरी तो जात नाही म्हणून कित्येकजणी मनातल्या मनात खजील होतात. वास्तविक तो डाग नसून रंग उडालेली जागा असते. योनीचा स्राव आम्लधर्मी असतो आणि वारंवार लागून तो कापडाचा रंग फिका करतो. अस्वच्छतेची म्हणून जी खूण लपवली जाते, ती बहुधा आतला कारभार सुरळीत चालल्याची खूण असते.

पाळी येत असण्याच्या वयात योनीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारणपणे ३.८ ते ४.५ असतो, तर रक्ताचा ७.४ च्या आसपास. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक दहापटीचा असल्यामुळे ही तफावत दिसते त्यापेक्षा फार मोठी आहे. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाखाली योनीच्या अस्तरातील पेशी ग्लायकोजेन, म्हणजे शर्करेचा साठवणीचा प्रकार, साठवतात. त्या पेशी झडल्या की ग्लायकोजेनचे लहान शर्करांत विघटन होते आणि तेथे वस्ती करून असलेले लॅक्टोबॅसिलस जिवाणू त्या शर्करांपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ अल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली या जिवाणूंचे वर्णन केले. वयात येण्यापूर्वी आणि रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी असल्याने सामू वाढलेला असतो. पाळीचे रक्त आणि वीर्य यांच्यामुळेही तो तात्पुरता चढतो आणि बहुधा आपोआप खाली येतो.

ही व्यवस्था लक्षात घेतली म्हणजे योनीच्या आत पाण्याचा फवारा मारणे किंवा जंतुनाशक, सुगंधी द्रव वापरणे का चुकीचे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा धुण्याने आम्लाबरोबर ते बनवणारेही वाहून जातात, आणि असे धुणाऱ्या स्त्रियांत योनीतील जिवाणूंचा असमतोल व ओटीपोटातील संसर्ग अधिक आढळतात. बाहेरच्या त्वचेची गोष्ट निराळी. तेथे घाम साचतो, म्हणून ती साध्या पाण्याने धुवावी, इतके पुरते. साध्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, त्यामुळे तो आत तर नकोच.

मात्र लॅक्टोबॅसिलस कमी म्हणजे आजार, असेही सरळ समीकरण नाही. २०११ साली उत्तर अमेरिकेतील ३९६ लक्षणविरहित स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील सुमारे चतुर्थांश स्त्रियांत या जिवाणूंचे वर्चस्व नव्हते.

तक्रार असते तेव्हा स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की फरक स्पष्ट दिसतो. निरोगी अस्तराची पेशी रुंद, पातळ आणि रेखीव कडांची असते; जिवाणूंच्या असमतोलात तिच्यावर बारीक जिवाणूंचा असा थर चढतो की ती पिठात घोळल्यासारखी दिसते आणि कडा हरवतात. अशा स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की मासळीसारखा उग्र वास येतो. बुरशीच्या संसर्गात असा वास नसतो. खाज आणि फाटलेल्या दुधासारखा घट्ट पांढरा स्राव असतो, आणि सामू बहुधा बदलतच नाही. एकाला प्रतिजैविक लागते, दुसऱ्याला बुरशीनाशक. ‘अंगावरून पांढरे जाते’ एवढ्यावर दुकानातून मलम आणण्याचा मार्ग म्हणूनच मला धोक्याचा वाटतो, कारण प्रतिजैविकाने लॅक्टोबॅसिलस घटले की बुरशीलाच मोकळे रान मिळू शकते. शिवाय पाळीच्या चक्राच्या मध्यावर येणारा पारदर्शक, बोटांत ताणला जाणारा स्राव हा मुळात आजारच नसतो.

जिवाणूंचा असमतोल औषधाने बरा झाला तरी तो पुन्हापुन्हा उद्भवतो, ही यातली खरी अडचण. त्यावर गेलेले जिवाणूच परत पेरून पाहण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२८ स्त्रियांना आधी मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक देऊन नंतर काहींच्या योनीत लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस या जातीचे जिवाणू, तर काहींच्या योनीत जिवाणू नसलेले निव्वळ दिखाऊ औषध ठेवले गेले. बारा आठवड्यांत पहिल्या गटातील ३० टक्के आणि दुसऱ्या गटातील ४५ टक्के स्त्रियांचा त्रास परतला.