खुब्याची वाटी खोवणारं हत्यार

आत्याचा खुबा बदलून तीन आठवडे झाले होते. भेटायला चिपळूणला गेलो तर तिनं चहाच्या आधी एक्स-रेच हातात दिला. खिडकीशी धरून बघितला. कमरेच्या हाडात पांढरीशुभ्र अर्धगोल वाटी, वाटीत बॉल, आणि बॉलच्या खाली मांडीच्या हाडात उतरलेला लांबट दांडा. आत्या म्हणाली, "सिमेंट नाही वापरलेलं म्हणे. स्क्रू पण मला कुठं दिसत नाही. मग हे बसलंय कशावर रे? उद्या उठताना निसटलं म्हणजे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. बहुतेकांना वाटतं की बॉल बदलला म्हणजे कशानं तरी चिकटवला असणार. मी भोसरीत टूलरूममध्ये बावीस वर्षं काम करतोय, रीमर, ब्रोच (दोन्ही कापायची हत्यारं), प्रेस फिट (किंचित लहान भोकात वस्तू दाबून घट्ट बसवणं) हे शब्द दिवसभर तोंडात असतात, आणि खुब्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जन लोक नेमके हेच शब्द वापरतात हे कळलं तेव्हापासून मला या विषयाचं वेडच लागलंय. नंतर ओळखीच्या एका सर्जननं मला रीमर हातात घेऊन नीट बघू दिला, तेव्हा तर डोळे उघडले.

आपल्याकडे मशीनवरचा रीमर म्हणजे लांब दांडी आणि त्यावर उभ्या धारा, आधी पाडलेलं भोक नेमक्या मापाचं करणारी. हा तसा नाही. हा स्टीलच्या पातळ पत्र्याचा अर्धा गोळा आहे, आतून पोकळ, आणि पाठीवर सगळीकडे छोटी छोटी भोकं, प्रत्येक भोकाची एक कड वर उचललेली आणि धारदार. म्हणजे सरळ किसणीच, फक्त गोल. कडेला माप कोरलेलं, ५०. मागे हँडल लावायचं, हँडलला ड्रिल जोडायचं.

आत्याला समजवायला मात्र किसणीपेक्षा खोवणी बरी पडली, कारण नारळाच्या अर्ध्या भागाला आपण वाटी म्हणतो आणि खुब्यातल्या खोबणीलाही वाटीच म्हणतो. खोवणीवर आपण वाटी फिरवतो आणि पातं जागेवर राहतं, ऑपरेशनमध्ये वाटी जागेवर आणि पातं फिरतं, एवढाच फरक. आणि खोवताना आत्याच आम्हाला ओरडायची, करवंटीपर्यंत जाऊ नका, काळं येईल. इथंही कुठं थांबायचं हेच खरं कौशल्य. वाटीच्या आतल्या बाजूला आधी कूर्चा असते, हाडावरचं गुळगुळीत अस्तर, म्हणजे आत्याच्या केसमध्ये झिजून उरलेली कूर्चा, तिच्याखाली कडक हाडाचा पातळ थर आणि त्याच्यामागे स्पंजसारखं जाळीदार हाड. रीमरनं कूर्चा पूर्ण काढायची आणि त्या कडक थरावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायला लागले की थांबायचं. ठिपके दिसले म्हणजे हाड जिवंत आहे, नवीन हाड वाढवू शकेल. त्याच्यापुढे खोवत गेलं तर कडक थर जातो, वाटी मऊ हाडात रुतते, आणि आतली भिंत तर फार पातळ असते, तिच्या पलीकडे ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हा रीमर अर्धगोलच का? कारण गोल हा एकमेव आकार असा आहे की तो कुठल्याही बाजूला कलवला तरी गोलच राहतो. सर्जनचा हात हँडलसकट पाच-दहा अंश इकडेतिकडे झाला तरी खोवलेली खोबण गोलच निघते, फक्त गोळ्याचं केंद्र हलता कामा नये. त्यामुळे वाटी शेवटी कुठल्या कोनात बसवायची, साधारण ४० अंश तिरकी आणि १५ अंश पुढे वळलेली, हे खोवून झाल्यावरही ठरवता येतं. पण केंद्र हललं, हात थरथरला, तर भोक मोठं किंवा लंबगोल होतं, आणि मग पकड गेली. यात अजून एक गंमत आहे, थोडं गणित आहे पण सोबत राहा. ५० मिमीचा रीमर मिनिटाला २०० फेरे घेतोय समजा, तर काठावरचा दात सेकंदाला साधारण अर्धा मीटर पळतो, आणि अगदी टोकावरचा, अक्षावरचा बिंदू? त्याचा वेग शून्य. तो कापत नाही, नुसता दाबतो. म्हणून दात सरळ रांगेत न ठेवता चक्राकार पसरवतात, म्हणजे एका दातानं सोडलेली रेघ पुढचा दात उचलतो, टोकाजवळ गड्डा राहत नाही, आणि कापलेला भुगा भोकांतून आत पोकळीत जमा होतो, धारेखाली अडकत नाही. भुगा अडकला की घर्षण, घर्षण आलं की उष्णता. हाड साधारण ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर जरी राहिलं तरी त्यातल्या पेशी मरायला लागतात, स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात सशांवर हे दाखवलं. आमच्याकडे धार गेलेलं टूल जॉब बिघडवतं, इथं ते हाड भाजतं. बोथट रीमर परत परत वापरण्याविषयी मला मनापासून चीड आहे ती यामुळेच.

तर, बसलंय कशावर? आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचं स्टिकर होतं, वाटीचं माप ५२. लहान मापापासून सुरुवात करून एकेक दोन-दोन मिमी वाढवत रीमर फिरवतात, आणि अशा वाटीसाठी बरेचदा ५१ वर थांबतात. म्हणजे ५१ च्या भोकात ५२ ची वाटी ठोकून बसवायची! आमच्याकडे ६२०५ नंबरच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास बरोबर ५२ मिमी असतो, ते हाउसिंगमध्ये घट्ट बसवायचं तर दोन-चार शतांश मिमीचा फरक पुरतो, एक मिमी दिला तर बेअरिंग बसणारच नाही. हाडात एक मिमी चालतो कारण कडक हाडाचा ताठपणासुद्धा पोलादाच्या दहाव्या हिश्श्याएवढाच असतो आणि जाळीदार हाड तर त्याहून कितीतरी मऊ. हाड थोडं उघडतं आणि परत मिटायला बघतं, त्या मिटण्याच्या जोरानं वाटीची कड धरली जाते. जास्त ओढलं तर कमरेचं हाड तडकतं, किंवा वाटी तळाला टेकतच नाही, मागे पोकळी राहते.

पण ही पकड कायमची नसते, हाड हळूहळू सैलावतं. तोपर्यंत दुसरी पकड यावी लागते. वाटीची पाठ खडबडीत, सच्छिद्र असते, त्या शे-दोनशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) छिद्रांत हाड वाढत जातं. अट एकच, वाटी हलता कामा नये. ४०-५० मायक्रॉनपर्यंतची हालचाल हाड सहन करतं, १५० च्या पुढं गेली की तिथं हाडाऐवजी नुसता धाग्यांचा मऊ थर तयार होतो आणि वाटी सैल राहते. डोक्याच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. म्हणजे जमलं की फसलं हे दोन केसांच्या आत ठरतं, आणि ते ठरवतो तो रीमर.

मांडीच्या हाडाचं काम वेगळ्या हत्यारानं, ब्रोचनं. आमचा ब्रोच की-वे, म्हणजे भोकातली सरळ खाच, कापताना एका ओढीत सरकतो, मागचा दात पुढच्याहून किंचित मोठा. इथला ब्रोच दांड्याच्याच आकाराचा, अंगभर दात, आणि हातोडीनं ठोकत आत घालायचा, मग एक नंबर मोठा, मग अजून मोठा. कधी थांबायचं ते सर्जन कानानंही ओळखतो. ब्रोच कडक हाडाला सगळीकडून टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, चढतो, तबल्याचे गट्टे ठोकताना स्वर चढतो तसा (कारण वेगळं आहे, पण कान तोच). त्याच्यापुढे अजून एक ठोका लोभानं मारला तर हाड चिरतं.

हे सगळं आधी सिमेंटनंच व्हायचं, आणि तेही चिकटवणं नव्हतंच. इंग्लंडमध्ये राइटिंग्टन हॉस्पिटलात जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ पासून जे सांधे बसवले त्यात कवळीसाठी वापरतात त्या जातीचं ॲक्रिलिक होतं, फटी भरून हाडाच्या खाचांत घट्ट अडकणारं. आजही मऊ हाडाच्या वृद्ध पेशंटना तेच जास्त योग्य ठरू शकतं. चार्नलींचं स्वतःचं वर्कशॉप होतं, हॅरी क्रेव्हन नावाचा कारागीर होता, याचा मला फार आनंद वाटतो.

आता जाहिराती येतात, रोबोट तुमचा खुबा बदलेल. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला रोबोटनं मांडीचं हाड कोरलं, ही गोष्ट आता जुनी झाली. आजचा रोबोटिक हात रीमरला ठरलेल्या सीमेबाहेर जाऊ देत नाही, कोन नेमका ठेवायला मदत करतो, हे चांगलंच आहे. पण हाडाला टेकणारा दात तोच, धार तीच, उष्णता तीच, आणि माणूस अजून तिथं उभा लागतोच. आणि दुसऱ्या टोकाला ते तेलवाले, सांध्यातलं वंगण परत भरून देतो म्हणणारे. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून झिजलेली कूर्चा जवळजवळ भरून येत नाही. स्टेरॉइड किंवा दारूमुळे बॉलचा रक्तपुरवठा तुटून हाड मेलं असेल तर कातडीवर चोळलेलं तेल तिथं काय करणार? आत्यानं दोन वर्षं त्यात घालवली, लंगडत.

सगळं ऐकून तिनं विचारलं, "मग ते खोवलेलं हाड टाकून देतात?" नाही. रीमरच्या पोकळीत जमलेला तो ओलसर, लालसर भुगा बरेचदा जपून ठेवतात आणि वाटीच्या मागे कुठं खड्डा असेल तर त्यात दाबून भरतात, स्वतःचंच हाड असल्यामुळे शरीर ते परकं मानत नाही. तिच्या खुब्यात भरलं होतं का ते कार्डावर काही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या तपासणीला ती डॉक्टरांना विचारणार आहे.