चुन्याने भाजलेल्या डोळ्यात नवे बुबुळ

७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) ओलोमोउत्स येथे डॉ. एडुआर्ट झिर्म यांनी चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुराला बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या (कॉर्नियाच्या), चकत्या बसवल्या. दोन्ही एकाच मुलाच्या, काढून टाकाव्या लागलेल्या डोळ्यातल्या. दाता तोच, हात तोच. तरी एक चकती निकामी झाली, दुसरी स्वच्छ राहिली. माणसातले हे पहिले यशस्वी बुबुळरोपण.

बुबुळ कोणाचे यापेक्षा ते कशा डोळ्यात जाते, यावर निकाल जास्त ठरतो. निरोगी बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून परके ऊतक शरीराच्या चटकन लक्षात येत नाही. केरॅटोकोनसमध्ये, म्हणजे बुबुळ शंकूसारखे पुढे येते तेव्हा, दहापैकी सुमारे नऊ रोपणे दहा वर्षांनीही टिकून असतात.

चुन्याचे तसे नाही. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना तो मुलांच्या डोळ्यात उडतो आणि बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी, जाळतो. (अशा वेळी डॉक्टर शोधण्याआधी स्वच्छ पाण्याने अर्धा तास डोळा धुवा, पापणीखालचे कणही काढा.) मूळपेशी गेल्या की बुबुळावरचा पापुद्रा भरून येत नाही आणि रक्तवाहिन्या आत शिरतात. तिथे थेट रोपण करणे म्हणजे दान मिळालेले बुबुळ वाया घालवणे. आधी चांगल्या डोळ्याच्या कडेची जेमतेम २ मिमीची पट्टी घेतात, तिचे आठ-दहा तुकडे करून भाजलेल्या डोळ्यावर पसरलेल्या गर्भवेष्टनाच्या (गर्भाभोवतीच्या पिशवीच्या) पातळ थरावर चिकटवतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी ही पद्धत २०१२ मध्ये मांडली. पृष्ठभाग सावरल्यावर खोलवर फूल, म्हणजे पांढरा डाग, उरलेच, तर मग रोपण.

पूर्ण जाडीच्या रोपणात केसाहून बारीक नायलॉनचे बहुधा १६ टाके असतात आणि ते वर्षभर किंवा जास्तही राहतात. टाक्यांचा ताण असमान असला की नंबर वाकडा येतो. बुबुळ काचेसारखे स्वच्छ असूनही चष्मा किंवा लेन्स लागते. सुटलेला टाका जंतूंना वाट देतो, म्हणून डोळ्यात खुपू लागले तर त्याच दिवशी दाखवा. शरीराने बुबुळ नाकारू नये म्हणून दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो, तो दर भेटीत मोजून घ्या. पण थेंब मनाने थांबवू नका. लाली, उजेड सहन न होणे, नजर अंधूक होणे ही बुबुळ नाकारले जात असल्याची लक्षणे. आतल्या थराच्या पेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. लगेच तासातासाला थेंब सुरू झाले तर बरीच रोपणे वाचतात.