पाऊस अधिक भरती किती?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला पाऊणशेच्याही आत, आणि दुपारी समुद्राला जवळपास साडेचार मीटरची भरती. मुंबईकराला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते नुसते आकडे. ९४४ मध्ये ४.५ मिळवा म्हटलं, की तो निमूटपणे ९४८.५ सांगतो.

हा निमूटपणा महागात पडतो. १९९९ मध्ये नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळापाशी पोचलं आणि गमावलं. इंजिनांच्या रेट्याचा हिशेब एका प्रोग्रॅमने पाउंड-सेकंदांत दिला, दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंद समजून घेतला. फरक ४.४५ पट.

हॅस्केल या फंक्शनल, म्हणजे फंक्शनांवर उभ्या असलेल्या, प्रोग्रॅमिंग भाषेत यावर सुरेख उपाय आहे. ‘न्यूटाइप’ वापरून सांगायचं: हा आतून दशांश आकडाच, पण याचं नाव ‘पाऊस’, आणि तो दुसरा ‘भरती’. आता दोघांची बेरीज लिहिली, तर प्रोग्रॅम चालण्याआधीच कंपायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, अडवतो. मीटरचे मिलिमीटर करूनही सुटका नाही, कारण एकक जुळलं तरी अर्थ जुळत नाही. शिवाय कंपाइल झाल्यावर हे वेष्टन गळून पडतं. मेमरी जास्त लागत नाही.

खरा विचार पुढेच आहे. अधिकचं चिन्ह हवं, तर ‘पाऊस’ हा आपला प्रकार (टाइप) ‘नम’ या, म्हणजे संख्यांसारख्या वागणाऱ्या प्रकारांच्या, वर्गात बसवावा लागतो. मग साधं २५ लिहिलं तरी त्याचा पाऊस होतो, ही सोय मोठी. पण बेरजेबरोबर गुणाकारही गळ्यात पडतो, आणि त्याचं उत्तर पाऊसच असलं पाहिजे, असा त्या वर्गाचा नियम. मिलिमीटर गुणिले मिलिमीटर म्हणजे क्षेत्रफळ, पाऊस कसा होईल? म्हणून मी ‘नम’ टाळेन आणि पावसाला फक्त ‘मोनॉइड’ करेन: एक शून्य, एक बेरीज. तासातासाच्या नोंदी जोडायला तेवढं पुरतं. उणे पाऊस कुणी भरू नये, म्हणून आकड्याचा थेट पाऊस करणारा मूळ कन्स्ट्रक्टर मोड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र भागात, लपवायचा आणि आकडा तपासूनच आत घेणारं फंक्शन बाहेर ठेवायचं.

तरीही सांताक्रूझ अधिक कुलाबा ही बेरीज होतेच, कारण दोन्ही पाऊसच. तीही थांबवायची, तर ठिकाणाचं नावच प्रकारात घालायचं; याला ‘फँटम टाइप’ म्हणतात. मग सांताक्रूझच्या नोंदी आपसात जुळतात, कुलाब्याच्या कुलाब्याशी, आणि दोन्हींची सरासरी हवी असेल तर तिचं फंक्शन वेगळं लिहावं लागतं.