पेशीपटलातील विसरण व परासरण

पेशीने स्वतःची ऊर्जा खर्च न करता द्रव्ये तिच्या पटलाच्या आरपार जातात, त्या दोन क्रिया. कणांच्या स्वैर हालचालीमुळे पदार्थ जास्त संहतीकडून कमी संहतीकडे पसरतो, ते विसरण. द्राव्य अडवणाऱ्या पण पाणी जाऊ देणाऱ्या पटलातून पाणी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते, ते परासरण किंवा तर्षण. पेशीपटल साधारण ७ ते ८ नॅनोमीटर जाड असते. त्याच्या मेदरेणूंच्या दुहेरी थरातून ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड सहज पार होतात. सोडियम, पोटॅशियम यांसारख्या आयनांना आणि साखरेला पटलातील प्रथिनांचाच मार्ग असतो. पाणी दोन्ही मार्गांनी जाते.

विसरणाचा वेग : आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये विसरणाचा नियम मांडला. त्यावरून असे निघते की, विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ग्लुकोजचा रेणू पाण्यात १० मायक्रोमीटर अंतर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेळात कापतो. १ सेंटिमीटरला सुमारे २० तास लागतात आणि १ मीटरला वीसहून अधिक वर्षे. त्यामुळे द्राक्षवेलीच्या पानात तयार झालेली साखर केवळ विसरणाने घडापर्यंत पोहोचणे शक्य नाही. ती रसवाहिन्यांतून प्रवाहाने येते, आणि तो प्रवाह चालवणारा दाब परासरणानेच निर्माण होतो, असे मत एर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडले. आज ते बहुतेकांना मान्य आहे.

शोधाचे श्रेय : परासरणाचा पहिला नोंदलेला प्रयोग बहुधा झां-आंत्वान नोले यांचा (१७४८). मद्यार्क भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाने बांधून त्यांनी ते पाण्यात बुडवले. मूत्राशय फुगून ताणले गेले. बरेच ग्रंथ शोधाचे श्रेय येथेच थांबवतात. तथापि ही क्रिया वनस्पती व प्राणी यांच्या जीवनव्यवहारात मूलभूत आहे हे ओळखून तिला नाव देण्याचे काम आंरी द्यूत्रोशे यांनी १८२६ नंतरच्या काही वर्षांत केले, हे लक्षात घेता त्यांचा वाटा मोठा मानणे योग्य ठरते. प्रारंभी त्यांनी विजेला कारण मानले होते, एवढ्याने तो उणावत नाही.

परासरण दाबाचे, म्हणजे पटलातून आत येणारे पाणी थोपवण्यास लागणाऱ्या दाबाचे, मापन शक्य झाले ते विल्हेल्म फेफर यांच्यामुळे (१८७७). मोरिट्झ ट्राउबे यांनी १८६७ मध्ये वर्णिलेले कॉपर फेरोसायनाइडचे पटल फेफर यांनी सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत तयार केले, त्यामुळे ते दाब सहन करू शकले. साखरेच्या १ टक्का द्रावणाचा दाब पाऱ्याच्या अर्ध्या मीटरहून किंचित उंच स्तंभाइतका भरला. ही निरीक्षणे ह्यूगो द व्रीस यांच्याकडून व्हांट हॉफ यांना कळली. विरल द्रावणाचा परासरण दाब वायूच्या नियमाप्रमाणे वागतो, हे व्हांट हॉफ यांनी दाखवले. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक (१९०१) त्यांना मिळाले.

यंत्रणेविषयीचा वाद : ‘परासरण म्हणजे पाण्याचे विसरण’ ही व्याख्या शालेय पुस्तकांत रूढ आहे. सोपेपणामुळे ती टिकून असली, तरी अपुरी आहे. तांबड्या रक्तपेशीच्या पटलातून परासरणाने वाहणारे पाणी किरणोत्सारी खूण केलेल्या पाण्याच्या विसरणावरून काढलेल्या अपेक्षेपेक्षा कित्येक पट अधिक असते. अलेक्झांडर माउरो यांनी १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले की, द्राव्याचे कण छिद्रात शिरू शकत नसल्याने छिद्राच्या मुखाशी पाण्याचा दाब घटतो आणि पाणी सलग प्रवाह म्हणून ओढले जाते. सच्छिद्र पटलांच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अधिक समाधानकारक वाटते; केवळ मेदथरातून जाणाऱ्या पाण्याला विसरणाची कल्पना पुरते.

ही छिद्रे म्हणजे ॲक्वापोरिन प्रथिने. त्यांचे कार्य पीटर ॲग्रे यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये सिद्ध केले. हे प्रथिन निर्माण करणाऱ्या बेडकाच्या अंडपेशी विरल द्रावणात फुगून फुटल्या. ॲग्रे यांना २००३ चे नोबेल विभागून मिळाले. रूमानियातील गेओर्गे बेंगा यांनी १९८६ मध्येच रक्तपेशीतील जलवाहक प्रथिनांचे स्थान दाखवले होते, असा दावा केला जातो. तो निराधार नाही. पण शुद्ध स्वरूपातील प्रथिनाचे कार्य १९९२ मध्येच दिसले.

द्राक्षमण्यातील परासरण : निफाड, दिंडोरी, नाशिक तालुक्यांत आणि बागलाणातील पूर्वहंगामी बागांत काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात. बागायतदार ज्याला ‘मण्यात पाणी उतरणे’ (मणी मऊ होऊन पिकू लागणे) म्हणतात, त्या अवस्थेनंतर हा धोका वाढतो, कारण त्याच वेळी मण्यात साखर झपाट्याने साठू लागते. २० अंश ब्रिक्सच्या (ब्रिक्स हे रसातील साखरेचे माप) रसाचा परासरण दाब गणिताने सुमारे ३० वायुमंडले, म्हणजे हवेच्या दाबाच्या तीसपट, येतो. पावसाच्या पाण्याचा तो जवळजवळ शून्य असतो.

एवढ्या फरकाने मणी फुटावा हे साहजिक वाटते. ऑस्ट्रेलियात कॉन्सिडीन व क्रीडमान यांनी १९७२ मध्ये मणी निरनिराळ्या संहतीच्या द्रावणांत बुडवून साल फाटण्यास लागणारा दाब अजमावला, तोही याच विचाराने. परंतु पुढे सूक्ष्म नळी थेट पेशीत खुपसून मोजले तेव्हा पक्व मण्यातील पेशीभित्तीवर आतून पडणारा दाब १ वायुमंडलाहूनही कमी आढळला. पाणी उतरताना साखर पेशीबाहेरील भित्तींतही साठते, त्यामुळे पटलाच्या दोन्ही बाजूंचा फरक उरतो तो थोडाच. म्हणून संपूर्ण मणी फुग्यासारखा ताणून फुटतो या कल्पनेपेक्षा, सालीच्या मेणथरातील सूक्ष्म चिरांतून व देठाजवळून पाणी शिरून तेथल्या काही पेशी आधी फुटतात आणि भेग तेथून पुढे सरकते, ही कल्पना अधिक ग्राह्य दिसते. मुळांवाटे चढणारे पाणीही भर घालते. जलवाहिन्या या अवस्थेत तुटतात असे पूर्वी समजत. रंगद्रव्याच्या प्रयोगांनंतर त्या कार्यक्षम राहतात असे मानले जाते.

प्रात्यक्षिके : लाल कांद्याच्या पापुद्र्यावर मिठाचे तीव्र द्रावण टाकले की रंगीत पेशीरस भित्तीपासून सुटून आकसतो (रससंकोच). साध्या पाण्यात पेशी पुन्हा भरतात, मात्र त्या जिवंत असल्या तरच. पाण्यात फुगणाऱ्या बेदाण्याचे उदाहरण त्या मानाने कमकुवत आहे. वाळताना त्यातील पेशीपटले मोडतात, त्यामुळे त्या फुगण्यात अंतःशोषणाचा (कोरड्या पदार्थाने पाणी शोषून फुगण्याचा) मोठा भाग असतो.

क्षारयुक्त जमिनीत मातीतील पाण्याचा परासरण दाब वाढतो आणि ओल असूनही मुळांना पाणी घेणे जड जाते. सोडियम व क्लोराइड पानांत साठून कडा करपतात, ते वेगळे नुकसान. अशा जमिनींत डॉगरिज या क्षार सोसणाऱ्या द्राक्षखुंटावर कलम केलेली बाग लावण्याची पद्धत रूढ आहे.