लेझरचा ताप नेमका मोजायचा कुठे?

१९६२ साली अमेरिकेत पहिले अर्धवाहक लेझर चालले, तेव्हा ते द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेले होते. तरीही प्रवाह द्यायचा तो तुटक, क्षणभराच्या स्पंदांतच. सलग दिला की चिप जळून जायची. साध्या खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेझर मिळायला १९७० साल उजाडले. लेनिनग्राडमध्ये अल्फेरोव्ह यांचा गट आणि अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये हयाशी व पॅनिश यांनी तो एकाच वर्षी साधला. वेगवेगळ्या अर्धवाहकांचे पातळ थर एकावर एक चढवून त्यांनी इलेक्ट्रॉनांना एका चिंचोळ्या पट्टीत कोंडले. त्यामुळे लेझर सुरू व्हायला लागणारा किमान प्रवाह कमी झाला आणि उष्णता आवाक्यात आली.

आवाक्यात आली, संपली नाही. दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या लेझर डायोडचा हा किमान प्रवाह आजही तापमानाबरोबर घातांकी वेगाने चढतो. साधारण ६० अंशांनी तापमान वाढले की तो पावणेतीन पटींच्या घरात जातो. प्रकाश कमी पडतो म्हणून प्रवाह वाढवावा, तर त्यानेच चिप आणखी तापते आणि प्रकाश आणखी कमी पडतो.

तरंगलांबीचे दुखणे त्याहून नाजूक. १५५० नॅनोमीटरच्या आसपास चालणाऱ्या चांगल्या डीएफबी, म्हणजे एकाच रंगाचा प्रकाश देणाऱ्या, लेझरची तरंगलांबी एका अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटरने सरकते. ऐकायला हे नगण्य वाटते. पण एकाच फायबरमधून डझनावारी रंग शेजारी शेजारी पाठवणाऱ्या डीडब्ल्यूडीएम यंत्रणेत दोन वाहिन्यांमधले अंतर बहुधा ०.८ किंवा ०.४ नॅनोमीटर असते. म्हणजे लेझर आठ अंशांनी तापला, तर तो सरळ शेजाऱ्याच्या जागेत जाऊन बसेल. यावर एक उपाय असा, की वाहिन्याच २० नॅनोमीटर अंतरावर ठेवायच्या आणि लेझरला वाटेल तसे तापू द्यायचे. सीडब्ल्यूडीएम नावाची स्वस्त पद्धत नेमके हेच करते. दुसरा उपाय म्हणजे लेझरला जागचे हलूच द्यायचे नाही.

त्यासाठी लेझरच्या छोट्याशा धातूच्या डबीत दोन गोष्टी बसवतात: पेल्टिए कूलर आणि तापमान मोजणारा थर्मिस्टर. १८३४ साली झाँ पेल्टिए यांनी दाखवून दिले होते, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून प्रवाह सोडला की दिशेनुसार सांधा थंड होतो किंवा तापतो. त्यामुळे हा कूलर प्रवाह उलटा केला की हीटरही होतो. थर्मिस्टरचा रोध २५ अंशांना बहुधा १० किलोओहम असतो आणि दर अंशाला तो चार टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे तापमान ०.०१ अंशाने बदलले, की रोधात सुमारे ४ ओहमचा फरक पडतो. चांगल्या सर्किटला तो सहज कळतो आणि लेझर शतांश अंशात बांधून ठेवता येतो.

पण शतांश अंशात बांधला जातो तो थर्मिस्टर, लेझर नव्हे. या विषयात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, असे माझे मत आहे. प्रकाश जन्मतो तो चिपच्या आतल्या पट्टीत. थर्मिस्टर असतो शेजारी, जरा अंतरावर. उष्णता तिथपर्यंत पोचता पोचता तापमान उतरते, त्यामुळे पट्टी थर्मिस्टरपेक्षा नेहमीच अधिक गरम असते. प्रवाह अचानक वाढवला तर पट्टी मायक्रोसेकंदांत तापू लागते, तरंगलांबी सरकू लागते आणि थर्मिस्टरला त्याचा पत्ताही नसतो. घराघरांतल्या फायबर जोडण्यांमध्ये लेझर सतत चालू-बंद होत असतात. तिथे प्रत्येक वेळी सुरुवातीलाच रंग असा किंचित सरकतो. म्हणून काटेकोर यंत्रणांमध्ये तापमानाच्या भरवशावर न राहता एका लहानशा काचपट्टीच्या गाळणीतून तरंगलांबीच थेट तपासतात. कारण शेवटी आपल्याला हवी असते ती तीच.

नेटवर्कच्या साध्या एसएफपी मॉड्यूलचेही, म्हणजे उपकरणात फायबर जोडण्यासाठी खोचायच्या लेझरच्या डबीचेही, असेच. स्क्रीनवर तापमानाचे आकडे दिसतात ते अंशाच्या २५६व्या भागापर्यंत बारीक. प्रमाणकात अचूकतेची अट मात्र फक्त अधिक-उणे ३ अंशांची. दशांशानंतरचे आकडे पाहून कोणी दोन मॉड्यूलची तुलना करू लागला, तर त्याला थांबवावे.

धातू कापणाऱ्या मोठ्या फायबर लेझरमध्ये प्रश्न तोच, फक्त वॉट वाढतात. इटर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या फायबरला ९७६ नॅनोमीटरचा प्रकाश पाजला की तो १०७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतो. दोन्हींच्या ऊर्जेतला फरक, म्हणजे सुमारे नऊ टक्के, केसाएवढ्या काचेत उष्णता म्हणून मागे राहतो. त्यातही ९७६ला इटर्बियमची शोषणाची पट्टी अरुंद, आणि पाजणाऱ्या डायोडचा रंग दर अंशाला ०.३ नॅनोमीटरने हलणारा. लेझर थंड ठेवणाऱ्या चिलरचे पाणी कोमट झाले की पाजलेला प्रकाश न शोषताच पुढे निघून जातो. म्हणून कोणी पाणी फारच गार केले, तर हवेतल्या दमटपणामुळे भिंगांवर आणि डायोडवर दव धरते, ते आणखी वाईट. चिलरवरचा आकडा पाण्याचे तापमान सांगतो. दव कुठल्या तापमानाला धरेल, हे खोलीतली हवा ठरवते. तो हिशेब वेगळाच करावा लागतो.

आता काचेकडे वळू. तापल्यावर सिलिकाची काच फारशी फुगत नाही, दर अंशाला दहा लाखांत अर्धा भाग. तिचा अपवर्तनांक मात्र त्याच्या जवळजवळ वीस पट, म्हणजे लाखात एका भागाने वाढतो. फायबरच्या गाभ्यात अपवर्तनांकाची बारीक जाळी कोरून ठेवली तर ती ठरावीक रंगच परत पाठवते, आणि काच तापली की तो रंग अंशाला ०.०१ नॅनोमीटरने सरकतो. ही ब्रॅग जाळी प्रथम १९७८मध्ये कॅनडात केन हिल यांना आढळली. लेझरमध्ये तापणारा भाग एकीकडे आणि मोजणारा दुसरीकडे असतो. ही जाळी मात्र स्वतःच तापमापक होते: तापणारी काच आणि मोजणारी काच एकच. अडचण एवढीच, की ओढल्यानेही रंग सरकतो. फायबर दहा लाखांत आठ भागांनी ताणले गेले, तर एक अंश चढल्याचा भास होतो. म्हणून तापमानाची जाळी नळीत सैल सोडून ठेवतात.

ताणाला फारशी दाद न देणारी युक्ती रामन परिणामातून मिळाली. १९२८ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांना दिसले होते, की पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा किंचित भाग रंग बदलून बाहेर पडतो. काही फोटॉन रेणूंच्या कंपनांना ऊर्जा देतात, काही त्यांच्याकडून घेतात. घेण्यासाठी रेणू आधीच कंप पावत असावे लागतात, आणि ते किती हे तापमानावर ठरते. १५५० नॅनोमीटरचा स्पंद फायबरमध्ये सोडला, तर १६६० आणि १४५० नॅनोमीटरच्या आसपास दोन क्षीण छटा परत येतात. खोलीच्या तापमानाला १४५०ची छटा दुसरीपेक्षा बरीच क्षीण असते, आणि तिचे दुसरीशी गुणोत्तर दर अंशाला सुमारे ०.७ टक्क्याने वाढते. स्पंद १० नॅनोसेकंदांचा ठेवला आणि परतीची वेळ मोजली, की फायबरच्या दर मीटरचे तापमान हाती येते, तेही कित्येक किलोमीटरपर्यंत. बोगद्यातली आग, जमिनीखालच्या वीजवाहिनीवरची तापलेली जागा, खोल तेलविहीर, सगळीकडे एकच अखंड काच पुरते. परत येणारा प्रकाश इतका थोडा असतो, की हजारो स्पंदांची सरासरी काढावी लागते. उत्तर यायला कधी काही सेकंद लागतात, कधी मिनिटे.

मात्र गुणोत्तर कशाच्या तुलनेत वाचायचे, हे कोणीतरी सांगावे लागते. म्हणून यंत्रातच फायबरची एक गुंडाळी ठेवतात आणि तिचे तापमान साध्या प्लॅटिनम तापमापकाने मोजतात. तेलविहिरीत आणखी एक खोट निघते: हायड्रोजन काचेत झिरपतो आणि दोन्ही छटा सारख्या प्रमाणात शोषत नाही, त्यामुळे खोलीबरोबर तापमान खोटेच चढते किंवा उतरते. यावर उपाय म्हणजे फायबर विहिरीच्या तळापर्यंत नेऊन वळवून परत वर आणायचे आणि स्पंद आळीपाळीने दोन्ही टोकांनी सोडायचे. दोन्ही वाचनांची सांगड घातली की वाटेतली ही घट हिशेबातून निघून जाते.