विकराविना साखरेची मोजणी: धातूच्या इलेक्ट्रोडची जुनी वाट

फेलिंगचं निळं द्रावण ग्लुकोजबरोबर तापवलं की परीक्षानळीत विटकरी साका बसतो, हे बारावीला विज्ञान घेतलेल्या बहुतेकांना आठवत असेल. हेर्मान फॉन फेलिंग या जर्मन रसायनतज्ज्ञाची ही पद्धत १८४९च्या सुमाराची. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातलं तांबं ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढून घेतं, म्हणजेच ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण होतं. आज तांब्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) बसवलेल्या इलेक्ट्रोडवर जे घडतं, ते याच कुळातलं. फरक एवढाच की नळीतलं तांबं एकदा वापरलं की संपलं. इलेक्ट्रोडवर मात्र तांब्याने घेतलेले इलेक्ट्रॉन तारेतून वाहून जातात, तांबं पुन्हा कामाला मोकळं होतं आणि तारेतला प्रवाह मोजला की ग्लुकोज किती ते कळतं.

ग्लुकोज मोजणारा ‘विकर (एन्झाइम) नसलेला सेन्सर’ ही नव्या जमान्याची कल्पना वाटते, पण विकराच्या इलेक्ट्रोडपेक्षा धातूचा इलेक्ट्रोड वयाने मोठा आहे. वाल्टर लोब यांनी १९०९मध्येच सल्फ्युरिक आम्लात शिशाच्या ॲनोडवर (धन इलेक्ट्रोडवर) ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण केलं होतं. १९६०च्या दशकात प्लॅटिनमची पाळी आली. शरीरातल्याच ग्लुकोजवर पेसमेकर चालवायचा, असा तेव्हाचा मनसुबा. पुढे लिथियमच्या बॅटरीने ती गरजच संपवली. शिवाय ग्लुकोजचे अर्धवट तुटलेले तुकडे प्लॅटिनमला चिकटून बसत आणि रक्तातले क्लोराइड आयनही जागा अडवत, त्यामुळे इलेक्ट्रोड हळूहळू मंदावे.

दरम्यान १९६२मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर इलेक्ट्रोडवर बसवण्याची कल्पना मांडली. हे विकर गर्दीतून नेमका ग्लुकोजच निवडतं. १९७५मध्ये ओहायोतल्या यलो स्प्रिंग्ज कंपनीने तसं यंत्र बाजारात आणलं आणि धातूची वाट मागे पडली.

मागे पडली, पण बुजली नाही. १९७१मध्ये साउदॅम्प्टनच्या मार्टिन फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांनी अल्कधर्मी द्रावणात निकेलच्या ॲनोडवर सेंद्रिय संयुगांचं ऑक्सिडीकरण कसं होतं ते तपासलं. निकेलवर तयार होणारा ऑक्सिहायड्रॉक्साइडचा थर मध्यस्थी करतो, हा त्यातला निष्कर्ष आजच्या निकेल नॅनोकणांच्या संशोधनालाही पायाभूत आहे. (१९८९मधल्या ‘शीत संलयना’च्या, म्हणजे साध्या तापमानाला अणुसंलयन घडवल्याच्या दाव्याच्या, वादळातले फ्लाइशमन ते हेच. त्यांचं हे आधीचं काम मात्र टिकलं.) मग १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठात डेनिस जॉन्सन यांनी प्लॅटिनम आणि सोन्यासाठी युक्ती काढली: मोजून झालं की व्होल्टेजचे झटके देऊन पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि पुन्हा मोजायचं. ही युक्ती क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या तंत्राला, जोडली की शर्करा आधीच वेगळ्या होऊन येतात, त्यामुळे निवड करण्याचं ओझं धातूवर पडत नाही. माझ्या मते विकराविना मोजणीचं खरं यश इथेच आहे, नॅनोकणांच्या गाजावाजात त्याचा उल्लेख फारसा होत नाही, इतकंच.

मग नॅनो आकाराने नेमकं काय दिलं? नुसतं ‘क्षेत्रफळ वाढलं’ म्हणून भागत नाही. प्लॅटिनमवर ग्लुकोजची अभिक्रिया संथ असते. त्यामुळे धातूचा पृष्ठभाग जितका जास्त, तितका तिचा प्रवाह वाढतो. रक्तातलं ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) याउलट चपळ: ते इलेक्ट्रोडजवळ पोचलं की लगेच संपतं, म्हणून पृष्ठभाग खडबडीत असला तरी त्याचा प्रवाह फारसा वाढत नाही. सोलच्या संशोधकांनी २००३मध्ये अतिसूक्ष्म छिद्रांच्या प्लॅटिनमवर हे दाखवलं. म्हणजे धातूला निवड जमत नसली, तरी पृष्ठभागाच्या घडणीने थोडी निवड साधता येते. सोन्याचा पुनर्जन्म त्याआधीचा. ठोकळ्यातलं निष्क्रिय सोनं नॅनोकणांच्या रूपात उत्प्रेरक होतं, हे जपानच्या मासातके हारुता यांनी १९८७मध्ये कार्बन मोनॉक्साइडवर दाखवलं होतं.

त्यानंतर शोधनिबंधांचा पूर आला. तांबं आणि निकेल स्वस्त, प्रवाहही भरघोस. पण प्रयोगाचा तपशील वाचला की बहुधा सोडिअम हायड्रॉक्साइडचं द्रावण निघतं, पीएच १३च्या आसपास. रक्ताचा पीएच ७.४. धातूवर काम करणारा हायड्रॉक्साइडचा थर अशा रक्तात नीट उभाच राहत नाही. रक्ताचा थेंब कॉस्टिक सोड्यात टाकून मोजता येईल, त्वचेखाली बसवायच्या सेन्सरला ती सोय नाही. शिवाय त्याच व्होल्टेजला फ्रुक्टोज आणि अमिनो आम्लंही प्रवाह देतात. आकडे कितीही देखणे असोत, निबंध हातात आला की आधी द्रावण कोणतं ते पाहावं. औषधांच्या दुकानातल्या रक्तशर्करा मोजायच्या पट्टीवर आजही विकरच असतं.

अलीकडे काही प्रयोगशाळा वेगळी खटपट करताहेत. इलेक्ट्रोडला आधी ऋण व्होल्टेज द्यायचं, म्हणजे पाण्याचं क्षपण होऊन (पाण्याला इलेक्ट्रॉन मिळून) पृष्ठभागालगत हायड्रॉक्साइड आयन साचतात. बाकीचं द्रावण उदासीनच राहतं, पण धातूला चिकटलेला पातळ थर काही काळ अल्कधर्मी होतो, आणि तेवढ्या अवधीत ग्लुकोज मोजून घ्यायचं.